पाइपची चौकशी होते, पात्याची का नाही?

सातपुडा आणि तापी यांच्यामधल्या यावल पट्ट्यात ठिबकाशिवाय केळी लावण्याचा विचार आता फारसा कोणी करत नाही. जळगावात १९८० साली जैन उद्योगसमूहाने पीव्हीसी पाइप बनवायला सुरुवात केली, पुढे ठिबक आले, आणि पाइप जोडणारा फिटर हा गावोगावचा कारागीर झाला. मृगबागेच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, त्याला जेवायलाही फुरसत नसते. शेतकरी पाइपवरचा आयएसआय शिक्का पाहतो, चार किलोचा घ्यावा की सहा किलोचा यावर दुकानात तासभर घासाघीस करतो. तो पाइप कशाने कापला जाणार, हे मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या मते ते विचारले पाहिजे.

पीव्हीसीचा सांधा सोल्युशनने चिकटतो असे आपण म्हणतो. खरे तर सोल्युशन पाइपचा आणि सॉकेटचा पृष्ठभाग विरघळवून दोन्ही एकजीव करते. त्यासाठी पाइपचे तोंड सरळ हवे आणि ते सॉकेटच्या तळापर्यंत गेले पाहिजे. तोंड तिरके असेल तर एका बाजूला पोकळी राहते. कडेला कंगोरे असतील तर पाइप आत सरकताना ते सोल्युशन खरवडून पुढे ढकलतात. असा सांधा पहिल्या दिवशी गळत नाही. तो गळतो मोटार पूर्ण दाबाने चालल्यावर, चर बुजल्यावर, ऐन उन्हाळ्यात.

लाकडाची करवत या कामाला नकोच. तिचे दात मोठे, काप रुंद. कडक प्लास्टिकचे टवके उडतात. बाजारात ज्याला एक्सा ब्लेड म्हणतात ते बारा इंची पाते पाऊण मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, तेच योग्य. पण दुकानात नुसते ‘ब्लेड द्या’ म्हटले की हाताला येईल ते मिळते. पात्यावर १४, १८, २४ किंवा ३२ असा आकडा असतो. एका इंचात तितके दात. कापताना पाइपच्या भिंतीवर दोन-तीन दात एकदम टेकलेले असावेत, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. चौदाच्या पात्यात दोन दातांमध्ये जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर अंतर पडते. हलक्या पाइपची भिंतच तेवढी असते, मग दात अडकतो आणि कड फुटते. बत्तीसचे पाते वायरिंगच्या पातळ पाइपला छान, पण जाड पाइपमध्ये त्याच्या दातांत भुसा भरतो, पाते तापते आणि प्लास्टिक मऊ होऊन चिकटू लागते. शेतातल्या नेहमीच्या पाइपला चोवीसचे घ्यावे, दहा किलोच्या जाड पाइपला अठराचे.

महागडे हायस्पीड स्टीलचे पाते घेण्याचे कारण नाही. ते लोखंडासाठी उत्तम. पण पूर्ण कडक असल्यामुळे चरात वाकून कापताना हात जरा वळला की काडकन तुटते. साधे लवचीक पाते पीव्हीसीला पुरते. अट एकच, त्याने आधी लोखंडी सळई कापलेली नसावी.

आणि नेमके इथेच घोडे अडते. हत्यार बहुधा फिटरचे स्वतःचे असते. मजुरी फुटावर किंवा उक्ती ठरलेली, नवे पाते घेतले तर पैसे त्याच्या खिशातून जाणार. मग तो बोथट पाते ओढत राहतो. सांधा गळला की शेतकरी त्याच्यावर चिडतो, मजुरी अडवतो. हजारो रुपयांच्या पाइपच्या बिलात दोन पात्यांची किंमत शेतकऱ्याने घालावी आणि ती फिटरच्या हाती द्यावी, हे आमचे स्पष्ट मत आहे. दुकानदारांनीही पाइपबरोबर सोल्युशन जसे न विसरता देतात तसे चोवीसचे पाते द्यावे.

फिटर भाऊ म्हणतील, आमचा हात बसलेला आहे, कोणत्याही पात्याने सरळ कापतो. हात बसलेला असेलही. तरी पाइपभोवती वर्तमानपत्राची पट्टी कड जुळवून गुंडाळावी, त्या कडेने खूण करावी, आणि पाइप थोडा थोडा फिरवत कापावा. एकाच बाजूने आरपार कापला की शेवटचा तुकडा मोडतो. कानस मारायला एक मिनिट लागते. काही जण अडचणीच्या जागी नायलॉनची दोरी घासून पाइप कापतात. युक्ती नामी आहे, पण कड वितळून जाड होते, म्हणून कानस तिथे अधिकच लागते. तापवलेल्या सुरीने तर कधीच कापू नये. जळत्या पीव्हीसीचा धूर घशाला आणि छातीला घातक असतो.

राहिला भुसा. फिल्टरच्या पुढे कापलेल्या पाइपमधला भुसा कोणताही फिल्टर अडवीत नाही. तो थेट ड्रिपरमध्ये जाऊन बसतो, आणि ड्रिपरमधली वाट जेमतेम मिलिमीटरभर असते. म्हणून नळ्या जोडण्यापूर्वी सबमेनची टोके उघडी ठेवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत मोटार चालू द्यावी.