पेटी स्वदेशी, किल्ली परकी

सीमेवरचा शत्रू दिसतो, म्हणून त्याच्यासमोर जवान उभा राहतो. वीज उपकेंद्रातील नियंत्रक यंत्राच्या पोटात दडलेल्या शत्रूसमोर कोण उभे आहे?

यंत्राने काय करावे आणि कोणाची आज्ञा पाळावी, हे ठरवणारी त्याच्या चिपमधील मूळ आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. जुन्या धाटणीची अनेक उपकरणे नवे फर्मवेअर स्वीकारताना ते खऱ्या निर्मात्याकडून आले आहे काय, याची शहानिशाच करत नाहीत. जो आत पोहोचला, तो धनी!

२३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनने याची किंमत मोजली. आक्रमकांनी दुरून उपकेंद्रे बंद पाडली. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. जाता जाता त्यांनी उपकेंद्रांना नियंत्रण कक्षाशी जोडणाऱ्या उपकरणांचे फर्मवेअरही नासवले. दुरून वीज सुरू करण्याची वाटच खुंटली. कर्मचाऱ्यांना उपकेंद्रांवर धावून हाताने खटके ओढावे लागले.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई ठप्प झाली. मार्च २०२१ मध्ये राज्य सरकारने सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. राजकीय वाद रंगला. मात्र आपल्या यंत्रांच्या पोटात काय आहे, हा मूळ प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच पडला.

केंद्र सरकारने २ जुलै २०२० च्या आदेशाने वीज यंत्रणेसाठी आयात होणाऱ्या उपकरणांची देशातच तपासणी सक्तीची केली, हे स्वागतार्हच. परंतु फर्मवेअर पुढेही बदलत राहते. बंदरावर निर्दोष ठरलेले यंत्र उद्याच्या सुधारित आज्ञावलीनंतर निर्दोष राहील, याची हमी कोणाची? परदेशी आज्ञावलीवर चालणाऱ्या पेटीवर ‘मेड इन इंडिया’ची पट्टी चिकटवणे ही स्वदेशी नव्हे, आत्मवंचना आहे.

आणि स्वदेशी म्हणजे निष्काळजीपणाचा परवानाही नव्हे. शिवछत्रपतींनी आपल्याच माणसांच्या हाती गड दिले, तरी एकट्याच्या हाती दिले नाहीत. हवालदार, सबनीस आणि सरनोबत यांचा परस्परांवर वचक ठेवला. आज्ञावली आपल्या अभियंत्यांनी लिहावी, दुसऱ्यांनी ती कसून तपासावी आणि त्यांच्या संमतीच्या मुद्रेवाचून यंत्राने ती स्वीकारू नये. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द वर्षानुवर्षे तसाच ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला जाबही विचारला जावा.

दिंडी दरवाजा उघडा टाकून तटबंदीच्या उंचीचा अभिमान बाळगणाऱ्यांचा गड राहत नाही.