१२० पानांचा डाव

मे महिन्यात रत्नागिरीला घरी गेलं, की दुपारचा कार्यक्रम ठरलेला. आमरस, पंखा आणि पत्ते! यंदा भर दुपारी लाइट गेले, भावाच्या मोबाइलवरची रमीही बंद पडली आणि आजी म्हणाली, "माझ्या माहेरी गोल पत्ते होते गो." गोल? मी उडालेच!

मग काय, वीकएण्डला थेट सावंतवाडी. (१९८१पर्यंत हा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता, म्हणजे घरचंच प्रकरण.) राजवाड्यात कारागीर मान खाली घालून गंजिफा रंगवत होते. दशावतारी संच म्हणजे १० अवतार, प्रत्येकाची १२ पानं. राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, आपल्या कोकणच्या परशुरामाच्या पानांवर परशू. डाव दिवसा सुरू झाला तर पहिली उतारी रामवाल्याची, रात्री कृष्णवाल्याची. आहे की नाही भारी?

लाहोरच्या शीख दरबाराला जशी पहाडी चित्रकारांची घराणी, तशी सावंतवाडीच्या भोसल्यांना चितारी मंडळी. चितार आळी आजही त्यांच्याच नावाची. पण छापील पत्ते आले, राजाश्रय आटला आणि कला जवळपास संपलीच. तेव्हा शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले वृद्ध पुंडलिक चितारींकडून ती स्वतः शिकले. १९७१मध्ये सावंतवाडी लॅकरवेअर्स सुरू झालं. राणीसाहेब विद्यार्थिनी आणि चितारी गुरुजी!

मी किंमत विचारली आणि सवयीने घासाघीस सुरू केली. रंगवणारे काका रागावले नाहीत. हातातलं पान माझ्यापुढे धरून एवढंच म्हणाले, "खेळूक कोणाक येता आता? सगळे फ्रेम करूक व्हरतत."

तळहातावर मावणाऱ्या त्या गोलात राजा, सिंहासन, सेवक, सगळं हाताने काढलेलं. मॉलमध्ये टॅग बघून निमूट कार्ड स्वाइप करणारी मी, इथेच का घासाघीस करत होते? जाम लाज वाटली. पूर्ण पैसे दिले.

घरी आजी, भाऊ आणि मी, तिघं बसलो. नियम आजीला निम्मेच आठवत होते, पण पानं हातात येताच तिने डोळे बारीक केले आणि विचारलं, "राम कोणाकडे?"

सावंतवाडीला गेलात तर संच जरूर घ्या. फक्त भिंतीवर टांगू नका, प्लीज. खेळा!