दुःखाची नोंद आणि प्रश्नाचे नाव

१८ एप्रिल २०१६ रोजी बेंगळूरुच्या बोम्मनहळ्ळी भागातील कपडे शिवण्याच्या कारखान्यांतून हजारो स्त्रिया बाहेर पडल्या आणि त्यांनी होसूर रस्ता अडवला. दुसऱ्या दिवशी हे लोण शहराच्या इतर औद्योगिक वस्त्यांत पसरले; बस जळाल्या, अश्रुधूर सुटला, लाठ्या चालल्या. या आंदोलनाला नाव घ्यावा असा नेता नव्हता. कोणत्याही पक्षाने अथवा मोठ्या कामगार संघटनेने त्याची हाक दिलेली नव्हती. कारण होते केंद्र सरकारची १० फेब्रुवारीची एक अधिसूचना. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असे तीत म्हटले होते. सरकारने आधी तिची अंमलबजावणी लांबणीवर टाकली आणि १९ एप्रिलला ती मागेच घेतली. देशाचे धोरण दोन दिवसांत बदलले.

दिल्लीतील ज्या टेबलावर ही अधिसूचना तयार झाली, तेथे ती वाईट हेतूने लिहिली गेली असे मानण्याचे कारण नाही. म्हातारपणासाठीची बचत म्हातारपणीच हाती यावी, हा विचार कागदावर निर्दोष आहे. परंतु महिना सात हजारांच्या आसपास मजुरी घेणाऱ्या शिलाई कामगार स्त्रीचा हिशेब वेगळा असतो. तिच्या लेखी हा निधी म्हणजे निवृत्तिवेतन नसते. मुलीचे लग्न, मुलाची फी, सावकाराचे देणे, गावाकडच्या घराचे छप्पर या सगळ्यांसाठी तिच्यापाशी असलेली ती एकमेव गंगाजळी असते. त्यासाठी एका कारखान्याचा राजीनामा देऊन निधी काढायचा आणि दुसऱ्या कारखान्यात नव्याने रुजू व्हायचे, ही त्या वस्त्यांतील रुळलेली वाट होती. अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत त्या यंत्रावर बसून राहण्याइतके डोळे आणि कंबर शाबूत राहतील, याची खात्री त्यांच्यापैकी कोणालाच नव्हती.

त्याच वर्षी महिनाभर आधी भविष्यनिर्वाह निधीचाच आणखी एक निर्णय फिरवला गेला होता. निधीतून काढलेल्या रकमेच्या साठ टक्क्यांवर कर लावण्याचा अर्थसंकल्पातील प्रस्ताव तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी ८ मार्च २०१६ रोजी मागे घेतला. त्यासाठी एकही रस्ता अडवावा लागला नाही. पगारदार मध्यमवर्गाची नाराजी वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतून, वाहिन्यांवरील चर्चांतून आणि खासदारांच्या भेटीगाठींतून सरकारपर्यंत पोचली. निधी एकच आणि माघारही सारखीच. पण एका वर्गाला लेखणी पुरली आणि दुसऱ्याला महामार्ग अडवावा लागला. रडल्याशिवाय आईदेखील दूध पाजत नाही, असे आपण सहज म्हणतो. कोणाचे रडणे घरात ऐकू येते आणि कोणाचे अंगणापलीकडेच विरते, हा प्रश्न मात्र त्या म्हणीत नाही. लोककल्याणकारी राज्यात तोच महत्त्वाचा ठरतो.

समाजातील प्रत्येक हालअपेष्टा हा धोरणाचा विषय होत नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जॉन किंग्डन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘परिस्थिती’ आणि ‘समस्या’ यांत भेद केला आहे. परिस्थिती माणसे सोसतात. तिच्याबाबत काही केले पाहिजे असे वाटू लागले की ती समस्या होते. आपल्याकडील अनुभव पाहता या प्रवासात तीन उंबरठे लागतात असे दिसते. दुःखाला नाव मिळावे लागते, त्याची मोजदाद व्हावी लागते आणि ते कोणत्या खात्याच्या माथी बसते हे ठरावे लागते. यांपैकी एक जरी ओलांडायचा राहिला, तर फार तर बातमी होते.

२०१६ च्या आंदोलनाला नाव मिळाले, पण ते अर्धे मिळाले. सरकारदरबारी त्याची नोंद ‘भविष्यनिर्वाह निधीविषयी असंतोष’ अशी झाली, आणि अधिसूचना रद्द होताच ती नस्ती बंद झाली. कामगाराला म्हातारपणची पुंजी तिशी-पस्तिशीतच मोडावी लागते इतकी मजुरी अपुरी का, हा मूळ प्रश्न नस्तीवर आलाच नाही. कारखान्यातील पाळणाघर, उत्पादनाच्या तासागणिक लक्ष्यांचा ताण, पर्यवेक्षकाची अर्वाच्य भाषा हे विषयही बाहेरच राहिले. प्रश्नाला जे नाव दिले जाते, तेवढ्याच मापाचे उत्तर त्याला मिळते. म्हणूनच नाव देण्याचा अधिकार हा धोरणप्रक्रियेतील सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी दिसणारा अधिकार आहे.

मोजदाद नसली की काय होते, हे याच शहराने चार वर्षांनी पाहिले. मे २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेल्या परप्रांतीय मजुरांसाठी कर्नाटकातून विशेष रेल्वेगाड्या सुटू लागल्या होत्या. ५ मे रोजी तत्कालीन मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांची बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाली, आणि त्याच दिवशी या गाड्या थांबवाव्यात असे पत्र राज्य सरकारकडून रेल्वेला गेले. मजूर गेले तर इमारती कोण बांधणार, ही चिंता त्यामागे होती. देशभर टीका झाल्यावर निर्णय फिरला आणि ८ मेपासून गाड्या पुन्हा सोडण्याची तयारी सरकारने दाखवली. त्या दोन दिवसांत जे प्रशासनाला गैरहजर मनुष्यबळ वाटले, ती घराच्या ओढीने व्याकूळ झालेली माणसे होती. दोन्ही वर्णने एकाच समूहाची होती; पत्र कोणते निघणार, हे कोणत्या वर्णनाला आधी दार उघडले गेले यावर ठरले.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा नव्हता असे नाही. तो १९७९ सालीच झाला होता. पण त्याचा भर ठेकेदारामार्फत आणलेल्या कामगारांवर होता. जो आपणहून गाडीत बसून शहरात आला आणि नाक्यावर उभा राहिला, तो त्या कायद्याच्या दृष्टीने स्थलांतरित नव्हताच. मग त्याची गणती कोण करणार? टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले, या प्रश्नावर अशी आकडेवारी उपलब्ध नसल्याचे उत्तर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत दिले. हे उत्तर असंवेदनशील म्हणून गाजले. खरे तर ते व्यवस्थेचे प्रामाणिक आत्मकथन होते. जे जिवंतपणी नोंदवहीत नव्हते, ते मृत्यूनंतर तीत कसे येणार? पुढे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये मुदत घालून दिली, २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली, आणि आज तीत तीस कोटींहून अधिक नावे आहेत. इतकी माणसे आधीही होती. सरकारला ती दिसायला महामारी लागली.

नाव, मोजदाद आणि खाते हे तिन्ही उंबरठे एकत्र ओलांडण्याचा प्रयत्न याच राजधानीत अलीकडे झाला. दुचाकीवरून जेवण आणि किराणा पोचवणारी, मोबाइलवरच्या आज्ञेनुसार गाडी चालवणारी लाखो तरुण मुले कंपन्यांच्या भाषेत ‘भागीदार’ म्हणवली जात होती. हा शब्द मोठा सोयीचा आहे. भागीदाराला रजा नसते, अपघाताची भरपाई नसते, आणि काम काढून घेतले तर ती बडतर्फीही ठरत नाही. निती आयोगाने २०२२ च्या अहवालात अशा कामगारांची २०२०-२१ मधील संख्या ७७ लाख असल्याचा अंदाज मांडला आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असे म्हटले. आकडा आला तसा विषय कागदावर आला. कर्नाटकाने २०२४ मध्ये विधेयकाचा मसुदा काढला, उद्योगसंघटनांनी आक्षेप घेतले, मे २०२५ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. कामगारांची नोंदणी, त्यांच्यासाठी कल्याण मंडळ, प्रत्येक व्यवहारातील त्यांच्या मोबदल्यावर एक ते पाच टक्के कल्याण शुल्क आणि काम बंद करण्याआधी चौदा दिवसांची सूचना, या त्यातील प्रमुख तरतुदी आहेत.

मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटावी. मालक एक नाही, काम रोजचे नाही, हजेरीपट नाही, अशा हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला तो याच सूत्रावर. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत उभी केलेली संघटना होती. कोणाचाच नोकर नसलेला माणूस हाही कामगार असू शकतो, हे त्या कायद्याने मान्य केले. त्याची आणि मालकांची नोंद करणारे मंडळ नेमले आणि मजुरीवर लेव्ही बसवून पैशाची व्यवस्था लावली. अर्धशतकापूर्वी पाठीवर पोते वाहणाऱ्यासाठी जे सुचले, तेच आज पाठीवर पिशवी वाहणाऱ्याच्या उपयोगी पडत आहे. अर्थात कायदा झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. राजस्थानने असा कायदा २०२३ मध्येच केला, आणि सत्ताबदलानंतर त्याची अंमलबजावणी रेंगाळली. मंडळ स्थापन होणे आणि त्याने पहिला दावा वेळेत चुकता करणे, यांत बरेच अंतर असते.

यावर प्रशासनाची बाजू ऐकून घेतली पाहिजे. प्रश्न हजार असतात आणि तिजोरी एक. प्रत्येक दुःखामागे खाते उभे करायचे तर राज्य चालणार नाही. आक्षेप रास्त आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष रास्त नाही. निवड करावीच लागणार असेल तर ती डोळसपणे व्हावी. जो रस्ता अडवेल त्याचा प्रश्न आधी, हा निकष ज्या शासनात रुळतो, ते आपल्याच नागरिकांना रस्ता अडवायला शिकवत असते.

अशा निवडीची कसोटी पाहायला दूर जायला नको. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली गलाई कारागिरांची कुटुंबे बेंगळूरुतही आहेत. बाजारपेठेतल्या अरुंद खोलीत भट्टी पेटते, नायट्रिक आम्लाचा धूर तेथेच कोंडतो आणि चार-दोन माणसे तो वर्षानुवर्षे श्वासात घेतात. खोकला झाला की गावी जायचे आणि बरे वाटले की परतायचे, हीच त्यांची आरोग्य योजना. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात आपणहून आलेल्या कामगारालाही स्थलांतरित मानले आहे, ही सुधारणा मोठी आहे. पण त्यासंबंधीचे प्रकरण दहा किंवा अधिक स्थलांतरित कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होते. चार माणसांची गलाईची खोली त्यात बसत नाही. काम धोकादायक असेल तर संख्येची अट शिथिल करण्याची वाट संहितेत आहे. तिला अधिसूचना लागते आणि अधिसूचनेला आधी कोणीतरी प्रश्न नोंदवावा लागतो.

तो कोणी नोंदवायचा? या शहरात मराठी अधिकारी आहेत आणि मराठी स्थलांतरितही आहेत. गणेशोत्सवाच्या मांडवात दोघे एकमेकांना भेटतात. कारागिरांच्या मंडळाने आपल्या सदस्यांची साधी यादी करावी: नाव, वय, कामाची वर्षे, दवाखान्याचे कागद. अधिकाऱ्यांनी ती यादी कोणत्या टेबलावर, कोणत्या कलमाखाली ठेवायची ते सांगावे. यासाठी मोर्चा लागत नाही की बस जाळावी लागत नाही. २०१६ च्या त्या स्त्रियांपाशी अशी यादी नव्हती आणि ती वाचणारे ओळखीचे कोणी सरकारात नव्हते. येथे दोन्ही आहे. तरीही धूर कोंडतच राहिला, तर दोष कायद्याच्या तुटीला देता येणार नाही.