मुक्तीचा बाजारभाव

१८५१ साली न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स येथे अमेलिया ब्लूमर यांनी ‘द लिली’ या आपल्या पत्रातून स्त्रियांच्या नव्या वेषाचा पुरस्कार केला. कंबर आवळणारे कॉर्सेट आणि जमीन झाडणारे जड घागरे यांऐवजी आखूड झगा व खाली सैल तुर्की विजार! वावरताना मोकळीक हवी, एवढीच साधी मागणी. परंतु टिंगल इतकी झाली की, काही वर्षांतच एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांच्यासारख्या अग्रणींनीही तो वेष सोडला.

पुढे टिंगलीची जागा विक्रीने घेतली. १९२० साली मताधिकार मिळाला. त्यानंतर नऊ वर्षांच्या आतच, ३१ मार्च १९२९ रोजी, फिफ्थ अव्हेन्यूवरील ईस्टरच्या फेरीत नटलेल्या तरुणी सिगारेट ओढत चालल्या. त्या सिगारेटींना नाव मिळाले ‘स्वातंत्र्याच्या मशाली’. सूत्रधार प्रचारतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज. पैसा अमेरिकन टोबॅको कंपनीचा! १९६८ साली अटलांटिक सिटीत ‘मिस अमेरिका’ स्पर्धेच्या निषेधार्थ स्त्रियांनी उंच टाचांचे जोडे कचरापेटीत फेकले. त्याच वर्षी फिलिप मॉरिसने खास स्त्रियांसाठी ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ आणली. तिच्या जाहिरातींत अद्ययावत पोशाखातील सडपातळ तरुणी मुक्तीचे प्रतीक म्हणून मिरवू लागली.

बंड स्त्रीचे, नफा कंपनीचा! स्त्रीचे स्वातंत्र्य तिच्या कर्तृत्वात आणि आत्मसन्मानात असते. ते दुकानात मिळत नाही. पाश्चात्त्यांची ही मुक्ती आधुनिकता म्हणून घरी आणणाऱ्या आपल्या सुशिक्षित कुटुंबांनी तिच्यावरील कंपनीचा शिक्का आधी वाचावा.