जप्त केलेली चित्रवही

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वसतिगृहाच्या रात्रफेरीत एका मुलाच्या उशाखाली मला एक वही सापडली. बॉलपेनाने चौकटी आखून तिच्यात चित्रकथा रेखाटली होती. पातळ वरणाला पूर आला होता आणि त्यात मी छडीने नाव वल्हवत होतो. वही हातोहात फिरत होती. मुले पांघरुणात तोंड दाबून हसत होती. मी वही जप्त केली. वरणाची चौकशी मात्र केली नाही.

इतिहासाच्या शिक्षकाला तरी ही चूक कळायला हवी होती. जिथे छापण्यास मज्जाव होतो, तिथे अभिव्यक्ती चोरवाट शोधते. अमेरिकेत १९५४ मध्ये प्रकाशकांनी चित्रकथांवर आचारसंहिता लादली. १९६८ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतील तरुण चित्रकारांनी ती झुगारून आपल्या चित्रकथा थेट रस्त्यावर विकल्या. आपल्याकडे साठोत्तरी अनियतकालिकांनी सायक्लोस्टाइलच्या शाईने प्रस्थापितांना तसेच आव्हान दिले.

परंतु चित्र आपल्यालाच बोचते तेव्हा काय करावे? मे २०१२ मध्ये हा प्रश्न आपल्या दारी आला. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातील शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रात संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले होते आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू होते. संसदेत गदारोळ झाला. पुण्यात विद्यापीठात पाठ्यपुस्तकाशी संबंधित प्राध्यापकांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. आपली वेदना खरी होती. पिढ्यान्‌पिढ्या आपले चित्र इतरांनीच रेखाटले होते. तरीही मोडतोड हे बाबासाहेबांच्या अनुयायांचे उत्तर नव्हे. लेखणीला लेखणीने उत्तर द्यावे, म्हणून त्यांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढले होते.

चित्राला चित्राने दिलेले उत्तर एक वर्ष आधीच, २०११ मध्ये, प्रकाशित झाले होते. मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी ‘भीमायन’ या पुस्तकात बाबासाहेबांचे जीवन चितारले. त्यांनी पात्रांना चौकटीत कोंडले नाही. घराच्या भिंतींवरील दिग्ण्याच्या वळणदार रेषांनीच पाने विभागली. कठोर शब्दांच्या फुग्यांना विंचवाची नांगी दिली, मृदू शब्दांना पक्ष्याचा आकार. पोंभुर्णा परिसरातील गोंड मुलाने हे पुस्तक पाहिले, तर आपल्या भिंतीवरची कलाही इतिहास सांगू शकते, हे त्याला वेगळे समजावण्याची गरज उरणार नाही.

म्हणून माझी संस्थेला नम्र विनंती आहे. दरवर्षीच्या हस्तलिखितातील चार पाने मुलांच्या चित्रकथांसाठी राखून ठेवावीत आणि त्यांवर शिक्षकांची कात्री चालू नये. एकच नियम असावा : दुबळ्याची जात, देह वा दारिद्र्य यांची थट्टा नको, अधिकार असणाऱ्यांची खुशाल करावी. त्यात आम्ही शिक्षकही आलो. चित्र खटकले, तर पुढच्या अंकात आम्हीही चित्रानेच उत्तर देऊ.

ती वही पुढे कुठे गेली, मला आठवत नाही. तिचा चित्रकार हे वाचत असेल, तर त्याने पहिले पान पुन्हा काढून पाठवावे. वल्ह्याऐवजी छडीच असू द्यावी.