बंदरावरच्या आठ तासांत एकच डोंगर

नॉर्वेच्या फ्योर्डमधली क्रूझ मराठी कुटुंबांच्या सहलींच्या यादीत आता चांगलीच रुळली आहे. तिकीट काढून झाले की प्रश्न उरतो तो बंदरांवरच्या दिवसांचा. जहाज सकाळी सातआठच्या सुमारास धक्क्याला लागते, संध्याकाळी चारपाचला निघते. मधल्या वेळात काय पाहायचे, याच्या याद्या माहितीपत्रकांत असतात आणि त्या भरगच्च असतात: तीन धबधबे, दोन दर्शनस्थळे, एक हिमनदी, वाटेत जेवण. माझे म्हणणे या याद्यांच्या विरोधात आहे. फ्योर्डच्या गावात उतरल्यावर एकच गोष्ट करावी, ती सावकाश करावी, आणि ती अशी निवडावी की जी जहाजाला कधीच दाखवता येणार नाही. पाणी, कडे आणि धबधब्यांचे पाय जहाज दाखवतेच. जमिनीवर उतरायचे ते उंचीसाठी, किंवा जहाज शिरणार नाही अशा अरुंद जागेसाठी.

यासाठी आधी जहाज काय दाखवते ते ओळखायला हवे, कारण तेच सर्वांत आधी हातचे जाते. गाइरांगरचे उदाहरण घ्या. हा फ्योर्ड जेमतेम पंधरा किलोमीटर लांबीचा, २००५पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात, आणि त्याच्या टोकाला अडीचशेच्या आसपास वस्तीचे गाव. जहाज भल्या सकाळी या पंधरा किलोमीटरमधून हळूहळू आत येते, तेव्हा ‘सेव्हन सिस्टर्स’ नावाचे सात प्रवाह डेकवरून समोर दिसतात. त्यांतला सर्वांत मोठा सरळ अडीचशे मीटर खाली पडतो. तिकिटाच्या पैशांतला मोठा वाटा खरे तर या तासाभराचा असतो. नेमक्या त्याच वेळी लवकर सुटणाऱ्या बसच्या टूरवाले नाश्त्याच्या रांगेत असतात. त्याहून वाईट प्रकार हेलेसिल्टचा. अनेक जहाजे फ्योर्डच्या तोंडाशी असलेल्या या गावी थोडा वेळ थांबतात, लांबच्या टूरचे प्रवासी तिथे उतरवतात आणि मग गाइरांगरकडे निघतात. ते प्रवासी डोंगरांमागच्या रस्त्याने दिवसभर फिरून दुपारी गाइरांगरला जहाज गाठतात. म्हणजे ज्या फ्योर्डसाठी एवढा खर्च केला, त्यात शिरतानाचा प्रवास त्यांच्याशिवायच होतो. टूर वाईट नसते, रस्ता सुंदरच आहे. पण ती निवडताना आपण काय सोडतो आहोत, हे सहसा कुणी सांगत नाही.

आता जहाजाला न दाखवता येणारी बाजू. डेकवरून येताना कड्याच्या मध्यावर, जिथे बकरीही उभी राहणार नाही असे वाटते तिथे, गवताचा हिरवा तुकडा आणि दोनतीन लाकडी घरे दिसतात. ते स्कागेफ्लो, पाण्यापासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवरचे जुने शेत. वाट इतकी अवघड होती की वाटेतली शिडी वर ओढून घेतली की करवसुली करणाऱ्याला येताच येत नसे, असे सांगतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात हे शेत ओस पडले. १९९३मध्ये नॉर्वेचे राजे हाराल्ड आणि राणी सोन्या यांनी आपल्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस इथेच साजरा केला. खालून ही घरे काडेपेटीएवढी दिसतात. बोटीने पायथ्याशी उतरून तासाभराची खडी चढण चढले, की घराच्या दारातून तोच फ्योर्ड उलटा दिसतो: आपले अवाढव्य जहाज आता पाण्यावरचा पांढरा ठिपका झालेले असते, आणि पायाखालच्या एवढ्याशा गवतावर कुणाची तरी अख्खी पिढी वाढली, हे कळते. ज्यांना ही चढण झेपणार नाही त्यांच्यासाठी गावातूनच धबधब्याच्या कडेने वर जाणारा, ३२७ पायऱ्यांचा लोखंडी जिना आहे. पाण्याचे तुषार अंगावर घेत, कठड्याशी थांबत थांबत चढावे, वर फ्योर्ड केंद्राचे संग्रहालय आहे. यांपैकी एक वाट निवडली की गाइरांगरचा दिवस सत्कारणी लागला. दाल्सनिब्बा हे १,४७६ मीटर उंचीवरचे ठिकाण प्रत्येक टूरमध्ये असतेच, आणि आकाश निरभ्र असेल तर त्याला तोड नाही. मात्र ते ढगात असते तेव्हा बसच्या काचेपलीकडे काहीच दिसत नाही. महिनोन् महिने आधी पैसे भरलेल्याला त्या दिवशी बेत बदलता येत नाही. दाल्सनिब्बाचा निर्णय म्हणूनच त्या सकाळी, नॉर्वेच्या हवामान खात्याचे ‘यर’ हे मोफत ॲप पाहून घ्यावा. त्यात तासातासाचा अंदाज असतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ढग हटण्याची वाट पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

फ्लॉम या दुसऱ्या लोकप्रिय बंदरात हाच विचार वेगळ्या वाटेने जातो. हे गाव सोग्नेफ्योर्डच्या एका फाट्याच्या टोकाशी आहे आणि इथली रेल्वे धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर सुटते. १९४०मध्ये सुरू झालेली ही वीस किलोमीटरची लाइन समुद्रकाठापासून ८६६ मीटरवरच्या मिर्दालपर्यंत चढते. बहुतेक मार्गावर चढ दर अठरा मीटरला एक मीटर, बोगदे वीस, त्यांतले अठरा हाताने खोदलेले. काम म्हणून पाहिले तर माणूस थक्क होतो. पण वीसपैकी सहाच्या आसपास किलोमीटर बोगद्यातच जातात, आणि ज्यांचा तासाभराचा जाण्याचा व तेवढाच येण्याचा प्रवास खिडकीपासून दूरच्या जागेवरून होतो, त्यांच्या पदरी थोडेच पडते. मी तरी जातायेता दोन्ही वेळा गाडीत बसू नये असेच म्हणेन. वर गाडीने जावे, येताना निम्म्या वाटेवरच्या बेरेक्वामला उतरावे आणि नदीच्या काठाने सुमारे दहा किलोमीटर चालत खाली यावे. वाट बहुतांशी उताराची आहे, वाटेत १६६७ सालचे लाकडी चर्च लागते, आणि गाडीतून दोन मिनिटांत मागे पडलेला डोंगर इथे अर्धा तास सोबत राहतो. चालणे जमत नसेल तर रेल्वेऐवजी नेरॉयफ्योर्डची बोट घ्यावी. हा फ्योर्ड एके ठिकाणी अडीचशे मीटर इतकाच रुंद आहे. २०१८पासून इथे ‘फ्यूचर ऑफ द फ्योर्ड्स’ ही संपूर्ण विजेवर चालणारी बोट आहे. इंजिनाची घरघर नसल्याने कड्यांवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. गुदवांगेनपर्यंत दोन तास, परतीला बोगद्यातून बस.

इतक्या लांब, एवढे पैसे खर्चून गेल्यावर एकच गोष्ट पाहायची? पुन्हा कधी जाणे होणार? हा आक्षेप खरा आहे, आणि साठवलेल्या पैशांतून जाणाऱ्यांच्या तोंडी तो शोभतोही. पण वेळेचा हिशेब मांडून पाहा. आठ तासांतून जहाजावर परतण्याची मुदत वगळा, ती निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी असते. उतरायच्या रांगेचा वेळ वगळा. जेवण वगळा. हाती पाच-साडेपाच तास उरतात. त्यात चार ठिकाणे बसवली की प्रत्येक ठिकाणी वीसेक मिनिटे, आणि बाकी सगळा वेळ वळणावळणांच्या रस्त्यावर बसमध्ये. शिवाय तीनचार हजार प्रवासी एकदम उतरतात तेव्हा सगळ्या बस साधारण एकाच वेळी त्याच ठिकाणी पोहोचतात. जास्त ठिकाणे म्हणजे जास्त पाहणे, हे गणित अशा गावात जुळत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि त्याला मी अधिक मान देतो. जहाजाच्या अधिकृत टूरला उशीर झाला तर जबाबदारी कंपनी घेते, आपल्या आपण गेलेल्यासाठी मात्र जहाज थांबत नाही. वयस्क आईवडील बरोबर असतील तर ही धास्ती लहान नाही. पण ती प्रत्येक बंदराला सारखी लागू पडत नाही. फ्लॉम आणि गाइरांगरला वर सांगितलेल्या गोष्टी धक्क्यापासूनच सुरू होतात, त्यामुळे टूरच्या छत्राची गरज कमी. याउलट उत्तर टोकाच्या होनिंग्सवोगहून नोर्डकापचा ३०७ मीटर उंच कडा तीसपस्तीस किलोमीटरवर आहे, उघड्या पठारावरचा रस्ता आहे, हवा क्षणात फिरते. तिथे जहाजाचीच बस घ्यावी, हे मी बिनदिक्कत सांगेन. गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी तर एकाच ठिकाणी चार तास बसणे हे चार वेळा बस चढण्याउतरण्यापेक्षा केव्हाही सुखाचे.

या निवडीचा संबंध त्या गावांशीही आहे. नॉर्वेच्या संसदेने २०१८मध्ये वारसा फ्योर्डमध्ये २०२६पर्यंत प्रदूषणमुक्त जहाजेच येऊ द्यायचे ठरवले. पुढे दहा हजार टनांहून मोठ्या जहाजांना २०३२पर्यंत मुदत वाढवून मिळाली. म्हणजे मोठी जहाजे अजून काही वर्षे तरी येणार, आणि त्या अडीचशे माणसांच्या रस्त्यावर बसची रांगही लागणार. पायी किंवा विजेच्या बोटीने घालवलेला दिवस त्या रांगेतली एक बस कमी करतो, गावातल्या एखाद्या कॅफेत आपले पैसेही थोडे अधिक जातात.

आपल्याकडच्या सहल कंपन्यांना यासाठी फार काही करावे लागणार नाही. कार्यक्रमपत्रिकेत बंदराच्या नावाशेजारी फक्त धक्क्याला लागण्याची वेळ छापलेली असते. तिथे जहाज फ्योर्डमध्ये शिरण्याची आणि बाहेर पडण्याची वेळही छापावी, हेलेसिल्टला उतरणाऱ्याचे काय हुकते ते स्पष्ट लिहावे, आणि निदान एका बंदरावरचा दिवस टूरविना मोकळा ठेवावा. पैसे भरण्याआधी या तीन गोष्टी विचारण्याचा हक्क प्रवाशाचा आहे, आणि तो त्याने वापरावा.