अधिक महिना नसलेले पंचांग

दिवाळीच्या सुमारास पुढल्या वर्षाचे कॅलेंडर घरात आले, की प्रत्येक घरात पहिले काम एकच. गणपती कधी, दिवाळी कधी, हे बोट ठेवून पाहायचे. आपले सण फार लांब पळत नाहीत. थोडे अलीकडे सरकले, की अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि त्यांना ओढून जागेवर बसवतो. जावयाला तेहेतीस अनारसे मिळतात, तो फायदा निराळा!

मुसलमानी वर्षाला ही सोय नाही. बारा चांद्रमास, म्हणजे ३५४-३५५ दिवस झाले, की वर्ष संपले. म्हणून ईद दर साल दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंना प्रदक्षिणा घालते. वाटेत कधीतरी आपला सण भेटणारच. २००४ ते २००६ अशी तीन वर्षे रमजान ईद दिवाळीला लागून आली. आमच्या जिन्यात फराळाची ताटे वर गेली, शिरखुर्म्याचे डबे खाली आले. कोणाचे काही अडले नाही.

अडते ते रस्त्यावर. २०२३ च्या २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते. राज्यातल्या कितीतरी गावच्या मुसलमानांनी एकादशीला ती करायची नाही असे ठरवले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद, म्हणजे पैगंबरांचा जन्मदिवस. मुंबईत त्या दिवशी भायखळ्याच्या खिलाफत हाऊसपासून मोठी मिरवणूक निघते. विसर्जनाच्या गर्दीत दोन मिरवणुका नकोत, म्हणून त्यांनीच आपली एक दिवस पुढे नेली. मागोमाग सरकारने सुटीही नेली. २०२४ साली मुंबईतली सुटी १६ सप्टेंबरची १८ ला गेली, २०२५ साली ५ ची ८ ला.

वर्तमानपत्रांनी याचे कौतुक केले. कौतुक करण्यासारखेच आहे ते. पण तीन वर्षे सरकले कोण, हेही पाहावे. विसर्जन पुढे ढकला असे कोणी म्हणाले नाही. म्हणणार तरी कसे, तिथी ती तिथी. पण तिथी त्यांनाही आहेच की! २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान शंभरात साडेअकरा होते. शंभरातल्या साडेअकरांना सणाआधी शेजारी विचारावे लागते, ‘त्या दिवशी तुमचे काही आहे का?’ आपल्याला तो प्रश्न विचारायची कधी पाळीच येत नाही.

शिवाय मिरवणूक हलते, घरातला सण हलत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी २०२५ च्या ५ सप्टेंबरला पहाटेच घरचे पठण उरकून धावतपळत तासाला आली. शिक्षकदिन म्हणून मला गुलाबाचे फूलही दिले. आठ तारखेच्या सुटीत काय केले, असे नंतर विचारले.

‘‘झोपले, सर,’’ ती हसून म्हणाली.

२०२६ च्या अधिक ज्येष्ठाने ही गाठ सुटते. मिलाद श्रावणात जाते आणि अनंत चतुर्दशी महिनाभर मागे राहते. चाचणी परीक्षेचे वेळापत्रक करायचे काम आमच्या विभागात माझ्याकडे आहे. ईदच्या तारखा चंद्रदर्शनावर अवलंबून, म्हणून मी आधीचा आणि नंतरचा दिवसही मोकळा सोडतो. ऑफिसातले हेडक्लार्क त्यावर दर वेळी कुरकुरतात.